खोट्या पट्ट्यांच्या खऱ्या तारखा

ठरवून झालेल्या कुस्तीत पट्टा नेमका कोणत्या रात्री एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर गेला, याचा शोध घेण्यात उभी हयात घालवणारी माणसं अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. कुस्ती ठरलेली होती, हे त्यांना आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. कोण पडणार आणि कोण उभा राहणार हे प्रमोटरनं आधीच सांगितलेलं. पट्टा त्यानंच करवून घेतलेला आणि त्या पट्ट्याचं अजिंक्यपदही त्यानंच जाहीर केलेलं. हे सगळं माहीत असूनही ही माणसं विचारतात, की ती कुस्ती मंगळवारी टँपाला झाली की बुधवारी मायामी बीचला? आणि पुरावा काय? व्यवहारी माणसाच्या लेखी हा शुद्ध मूर्खपणा आहे. असेना. पैसा नाही, मान नाही, विद्यापीठाची पदवी नाही, आणि ज्याची तपासणी करायची ती वस्तू मुळातच बनावट. असा मूर्खपणा निष्ठेनं करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि त्यांची तरफदारी करण्यासाठीच हा लेख आहे.

आधी तो कारभार समजून घ्यायला हवा. जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर एकत्र बसले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स काढली. पुढच्या काही वर्षांत देशातले बहुतेक मोठे प्रमोटर तिच्यात आले. प्रत्येकाचा इलाखा ठरलेला, एकानं दुसऱ्याच्या इलाख्यात खेळ लावायचा नाही. सगळ्यांचा मिळून जगज्जेता एक. तो वर्षभर फिरतीवर, आणि जिथं जाईल तिथल्या लोकांच्या लाडक्या पैलवानाशी त्याची लढत. पण जगज्जेता एका रात्री एकाच गावात असू शकतो. उरलेल्या रात्री तिकिटं खपवायची कशी? त्यासाठी इलाख्याइलाख्याचे आपापले पट्टे निघाले. टेक्सासचा, फ्लोरिडाचा, जॉर्जियाचा, सेंट्रल स्टेट्सचा, पॅसिफिक नॉर्थवेस्टचा, शिवाय जोडीच्या कुस्तीचे, टेलिव्हिजनचे. साठच्या दशकात तर ‘युनायटेड स्टेट्स’ अजिंक्यपद डेट्रॉइटला वेगळं, सॅन फ्रान्सिस्कोला वेगळं आणि सरहद्दीपलीकडे टोरोंटोलाही वेगळं होतं.

मेम्फिसच्या इलाख्याचा आठवडा बघा. शनिवारी सकाळी टीव्हीवर थेट कार्यक्रम, सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियममध्ये मोठा खेळ, मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल. गावं वेगळी, प्रेक्षक वेगळे, पैलवान तेच. तिथला राजा जेरी लॉलर. त्यानं सदर्न हेवीवेटचा पट्टा जितक्यांदा घालवला आणि परत आणला त्याची मोजणी डझनांनी करावी लागते. त्यातली प्रत्येक वेळ कुठल्या तरी एका रात्री, कुठल्या तरी एका सभागृहात, तिकीट काढून बसलेल्या माणसांसमोर आली. ती रात्र कोणती, एवढंच आमच्या मूर्ख माणसाला हवं असतं.

आणि ते मिळवायला त्याला काय करावं लागतं? गावच्या ग्रंथालयात जायचं, मायक्रोफिल्मचं रीळ यंत्रावर चढवायचं आणि क्रीडापान येईपर्यंत मूठ फिरवत राहायचं. बेसबॉलचे तक्ते, बोलिंग लीगचे आकडे, टायरची जाहिरात, आणि त्यांच्या मध्ये दोन बोटं रुंदीची एक चौकट. सभागृहाचं नाव, वेळ, वर मोठ्या टायपात दोन आडनावं, खाली बारीक टायपात आणखी चार-सहा, आणि कोपऱ्यात ‘टायटल मॅच’. नवखा माणूस इथंच खूश होऊन तारीख टिपून घेतो. मुरलेला घेत नाही. जाहिरात म्हणजे नुसतं आश्वासन. पैलवान बर्फात अडकतो, आदल्या रात्री गुडघा जातो, ऐनवेळी जोड बदलते, आणि जाहिरात मात्र कागदावर कायमची राहते. म्हणून रीळ एक दिवस पुढे न्यायचं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात निकालाच्या चार ओळी सापडल्या तर नशीब. त्यात कोण पडला ते असतं, पट्ट्याचं नाव नसतं. शिवाय त्या चार ओळी बरेचदा प्रमोटरच्याच कचेरीतून आलेल्या. मग पुढच्या आठवड्याची चौकट काढायची आणि ‘चॅम्पियन’ हे बिरुद आता कुणाच्या नावामागे लागलंय ते पाहायचं. ते बदललेलं दिसलं म्हणजे पट्टा बदलला हे नक्की, पण या गावात की शेजारच्या? आता शेजारच्या गावाचं रीळ मागवायचं.

हे झालं एका तारखेचं. अशा शेकडो तारखा एकाखाली एक लागतात तेव्हा एका पट्ट्याची वंशावळ तयार होते. सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखंच हे काम आहे. मधली एक नोंद गहाळ झाली की पुढच्या सगळ्या मालकांचा हक्क संशयात येतो.

आता याच कामाची सगळ्यात गुंतागुंतीची आणि मला सगळ्यात आवडणारी भानगड सांगतो. १४ जून १९५७, शिकागो. जगज्जेता लू थेझ विरुद्ध एदुआर कार्पेंतिए. तिसऱ्या फेरीत थेझ पाठीच्या दुखण्यामुळे पुढे लढू शकला नाही आणि कार्पेंतिएला विजयी ठरवलं गेलं. आता पट्टा कुणाचा? दुखापतीमुळे थांबलेल्या कुस्तीत अजिंक्यपद जातं की नाही, हा वाद मुद्दामच मोकळा ठेवण्यात आला होता, कारण दोन जगज्जेते दोन गावांत दुप्पट तिकिटं खपवतात. पण कार्पेंतिएचा पाठीराखा, माँट्रियलचा प्रमोटर एडी क्विन, त्याच वर्षी अलायन्सशी भांडून बाहेर पडला. अलायन्सनं मग जाहीर केलं की थेझचा पट्टा कधी गेलाच नव्हता. नोव्हेंबरमध्ये थेझ टोरोंटोला डिक हटनकडून हरला आणि अधिकृत वंशावळ तिकडून पुढे निघाली.

कार्पेंतिएचा दावा मात्र मरेना. ज्या प्रमोटरांना अलायन्सच्या तंत्रानं चालायचं नव्हतं त्यांच्या तो पथ्यावर पडला. १९५८ मध्ये बॉस्टनला किलर कोवाल्स्कीनं कार्पेंतिएला हरवलं. झाला बॉस्टनचा जगज्जेता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओमाहाला व्हर्न गान्यानंही कार्पेंतिएलाच हरवलं. झाला ओमाहाचा जगज्जेता. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेडी ब्लासीनं त्याच माणसाला हरवलं आणि तिथंही एक जागतिक पट्टा उभा राहिला. एक पाठ दुखली आणि तीन शहरांत तीन जगज्जेते झाले. एकच माणूस एकच पट्टा तीन वेळा हरला, आणि तिन्ही वेळा तो तिथं खराखुरा त्याच्याजवळ होता असं त्या त्या गावच्या लोकांना सांगितलं गेलं. हा गुंता एका दिवसात सुटलेला नाही. शिकागो, माँट्रियल, बॉस्टन, ओमाहा, लॉस एंजेलिस इतक्या ठिकाणचे अंक शेजारी शेजारी ठेवल्यावर तो उलगडला. ज्यांनी ते अंक शेजारी ठेवले त्यांना त्याचा छदामही मिळाला नाही.

गान्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यात कागदी अजिंक्यपदाचा कळस आहे. १९६० मध्ये मिनिआपोलिसला अमेरिकन रेसलिंग असोसिएशन निघाली. तिनं अलायन्सचा तेव्हाचा जगज्जेता पॅट ओ’कॉनर यालाच आपला जगज्जेता मानलं आणि गान्याशी लढायला त्याला नव्वद दिवसांची मुदत दिली. मुदत संपली, ओ’कॉनर आला नाही, आणि ऑगस्टमध्ये गान्या जगज्जेता झाला. एकही कुस्ती न होता. यादीत ही नोंद करताना खरा संशोधक ‘जिंकला’ असं लिहीत नाही. तो ‘मान्यता मिळाली’ असं लिहितो. एवढ्या एका क्रियापदासाठी मी त्याला वाकून नमस्कार करीन.

कुस्तीच झाली नाही अशी अजिंक्यपदं आणखीही आहेत. एप्रिल १९६३ मध्ये ईशान्येकडच्या प्रमोटरांनी अलायन्सशी फारकत घेतल्यावर बडी रॉजर्सला आपला जगज्जेता म्हणून पुढे केलं. पट्टा कुठं जिंकला? रिओ दि जानेरोच्या स्पर्धेत. ती स्पर्धा झालीच नव्हती. १७ मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सम्मार्टिनोनं त्याच रॉजर्सला ४८ सेकंदांत लोळवलं, आणि ते मात्र गच्च भरलेल्या सभागृहानं पाहिलं. पुढे सप्टेंबर १९७९ मध्ये याच ईशान्येकडच्या प्रमोटरांच्या कंपनीला इंटरकॉन्टिनेंटल नावाचा नवा पट्टा काढायचा होता. पहिला मानकरी पॅट पॅटरसन. स्पर्धा कुठं? पुन्हा रिओ दि जानेरो. तीही झालेली नाही. अशा नोंदीचं काय करायचं? काढून टाकली तर पुढची वंशावळ हवेत लटकते. तशीच ठेवली तर थाप इतिहासात कायम होते. म्हणून संशोधक नोंद ठेवतो आणि शेजारी लिहितो की ही स्पर्धा काल्पनिक आहे. कंपनीनं काय जाहीर केलं हाही इतिहास, आणि प्रत्यक्षात काय झालं हाही. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायचं एवढंच पथ्य.

उलट्या बाजूची चोरीही असते. कुस्ती झाली, पट्टा बदलला, हजारोंनी पाहिलं, आणि नंतर कंपनीनं ती रात्रच पुसून टाकली. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी जपानमधल्या तोकुशिमाला अंतोनिओ इनोकीनं याच कंपनीचा जगज्जेता बॉब बॅकलंड याला हरवून पट्टा घेतला. कंपनीच्या यादीत बॅकलंडची कारकीर्द फेब्रुवारी १९७८ पासून डिसेंबर १९८३ पर्यंत सलग दाखवली जाते. मार्च १९८४ मध्ये न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये हार्ली रेसनं अलायन्सचा जगज्जेता रिक फ्लेअर याला हरवलं आणि काही दिवसांतच सिंगापूरला फ्लेअरनं पट्टा परत घेतला. अमेरिकेतल्या चाहत्यांना त्या वेळी याचा पत्ताही लागू दिला नाही. म्हणूनच रेस सात वेळा जगज्जेता होता की आठ वेळा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. फ्लेअरचा अधिकृत आकडा सोळा. त्यात सांतो दोमिंगोत १९८२ मध्ये जॅक वेनेनोविरुद्ध झालेल्या प्रकारासारखे नाकारलेले प्रसंग धरले तर काही मोजण्यांत आकडा विसाच्या वर जातो. वेलिंग्टनच्या माणसानं पैसे मोजून एक अजिंक्यपद बदलताना पाहिलं. ते झालंच नाही असं त्याला सांगण्याचा अधिकार अमेरिकेतल्या कचेरीला कुणी दिला? त्या माणसाच्या बाजूनं आजवर उभे राहिले ते फक्त हे तारखा शोधणारे.

आता नेहमीचा आक्षेप. सगळं ठरलेलंच होतं, तर कोण जिंकलं याला अर्थ काय? मला हा आक्षेप आळशी वाटतो. ज्यांनी हे सगळं ठरवलं त्यांनाच या पट्ट्यांची किंमत पक्की माहीत होती. अलायन्सच्या जगज्जेत्याला पट्ट्यापोटी रोख अनामत भरावी लागे. १९९१ मध्ये फ्लेअरनं आपल्या मालकांना रामराम ठोकला तेव्हा त्याची २५,००० डॉलरची अनामत परत मिळाली नव्हती, म्हणून तो पट्टा बरोबर घेऊनच प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. नुसत्या नाटकातल्या मुकुटासाठी कुणी अनामत घेत नाही. जगज्जेता ऐनवेळी पडायला नकार देईल, किंवा समोरचा ठरलेलं मोडून त्याला खरंच चीत करील, ही भीती या धंद्यात कायम होती. थेझसारख्या माणसाच्या हाती इतकी वर्षं पट्टा राहिला त्याचं हेही एक कारण, की तो खऱ्या कुस्तीतही कुणाला ऐकणारा नव्हता. मे १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला थेझ आणि बॅरन मिकेले लिओने यांच्या लढतीला एक लाख डॉलरहून जास्त गल्ला जमला. तो गल्ला ठरवून आला नव्हता. लोकांनी खिशातून काढून दिला होता. निकाल ठरलेला होता एवढंच खोटं. बाकी गर्दी, पैसा, मोडलेली हाडं, रात्री-अपरात्री शेकडो मैल हाकलेल्या गाड्या, हे सगळं खरं होतं. त्या सगळ्याला धरून ठेवायला एकच खुंटी आहे. ती म्हणजे पट्ट्यांच्या तारखा.

हे प्रमोटर खरं बोलले ते दोन-तीनदाच, आणि तेही सरकारी दट्ट्यामुळे किंवा पैसे वाचवायला. मक्तेदारीच्या आरोपावरून न्याय खात्यानं अलायन्सला कोर्टात खेचलं आणि १९५६ मध्ये तिला समझोत्याचा हुकूमनामा पत्करावा लागला. त्या चौकशीमुळे या मंडळींचा खासगी व्यवहार सरकारी दफ्तरात जाऊन बसला, आणि टिम हॉर्नबेकरनं २००७ मध्ये अलायन्सवर जाडजूड ग्रंथ लिहिला तो अशा कागदांच्या आधारानं. प्रमोटर जॅक फेफरचं दफ्तर नोत्र दाम विद्यापीठात जपून ठेवलं आहे. पुढे १९८९ मध्ये न्यू जर्सीत ईशान्येकडच्या त्याच, मॅकमहनच्या कंपनीनं स्वतःच सांगून टाकलं की हा खेळ म्हणजे करमणूक आहे, कारण खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आलेच. तेव्हापासून खोटं उघड करण्यात काही शौर्य उरलं नाही. उरलं ते तारखा लावण्याचं काम.

ते काम ज्यांनी केलं त्यांपैकी सिअ‍ॅटलचे क्रीडापत्रकार जे मायकेल केन्यन यांचं नाव घ्यायलाच हवं. जुन्या वर्तमानपत्रांतून कुस्तीचे निकाल उतरवून घेण्यात त्यांनी अनेक दशकं घालवली आणि जे सापडलं ते मागेल त्याला दिलं. २०१७ मध्ये ते गेले. रॉयल डंकन आणि गॅरी विल यांच्या ‘रेसलिंग टायटल हिस्टरीज’ या ग्रंथाची चौथी आवृत्ती २००० मध्ये निघाली. देशोदेशीच्या पट्ट्यांच्या याद्या, पानांमागून पानं, कथा नाही, वर्णन नाही. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे जी मी इतिहासाच्या भल्या भल्या पुस्तकांत शोधतो आणि सापडत नाही. तारीख पक्की माहीत नसेल तर त्या तारखेशी एक खूण केलेली असते. अर्थ असा, की या दिवशी पट्टा या माणसाकडे होता, पण तो त्याआधी कधीतरी आला असावा. ठरवून पाडलेल्या कुस्तीच्या बाबतीतही अंदाज तो अंदाज आणि पुरावा तो पुरावा, असा भेद कुणी इतक्या कसोशीनं पाळत असेल तर त्याला मूर्ख म्हणणाऱ्यानं आपल्या जिल्ह्याचा इतिहास एकदा उघडून पाहावा.

कारण आपल्याकडे काय आहे? वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइलच्या कुस्त्यांना लोटणारी गर्दी अजून अनेक घरांत आठवली जाते. दारा सिंग, किंग काँग ही नावं त्या पिढीला पाठ आहेत. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारा सिंगनी लू थेझला हरवलं आणि ते विश्वविजेते झाले, असं आपण अभिमानानं सांगतो. आता अमेरिकेतल्या त्या याद्या उघडा. थेझ ७ जानेवारी १९६६ लाच सेंट लुइसमध्ये जीन किनिस्कीकडून हरला होता, आणि अलायन्सचा पट्टा किनिस्कीकडे ११ फेब्रुवारी १९६९ पर्यंत होता. म्हणजे मुंबईत थेझ माजी जगज्जेता म्हणून उतरला होता. यानं दारा सिंगांच्या मोठेपणाला काही बाध येत नाही. जगातल्या सर्वांत नामांकित पैलवानाला त्यांनी मुंबईकरांसमोर पाडलं, हे आहेच. पण त्या रात्री पणाला कुठला पट्टा होता, कुणाच्या नावानं तो जाहीर झाला होता, हा प्रश्न आपण पुरेशा जोरानं विचारलेला नाही. तो विचारायला लागणारा मूर्खपणा आपल्यात कमी पडला.

आणि ही तर ठरलेल्या कुस्तीची गोष्ट झाली. खऱ्या कुस्तीचं तरी आपण काय केलं? खासबागेच्या मातीत ज्या लढती झाल्या, गावोगावच्या जत्रांत जे फड भरले, त्यांतल्या कितीतरी लढती आज फक्त वस्तादांच्या आणि म्हाताऱ्या शौकिनांच्या तोंडी आहेत. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीचंच पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती स्पर्धा दोन संघटनांनी दोन ठिकाणी भरवली. फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, धाराशिवला शिवराज राक्षे. १९५७ च्या शिकागोत जे झालं त्याचीच ही आवृत्ती, फरक एवढाच की इथं कुस्त्या खऱ्या होत्या आणि गदा दोन होत्या. पन्नास वर्षांनी कुणी तरी विचारणारच, की त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी कोण? त्याला दोन्ही नावं, दोन्ही गावं, दोन्ही तारखा आणि दोन्ही संघटना एकाच पानावर मिळायला हव्यात. कोणती खरी ते तो ठरवील. आपलं काम नोंद पुसू न देण्याचं.

तेव्हा वाचकांना विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत जुन्या कुस्त्यांचं हँडबिल, तिकीट, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर ते रद्दीत घालू नका. त्यावर तारीख नसेल तर मागच्या बाजूचा मजकूर नीट पाहा, तिथं सिनेमाच्या जाहिरातीवरून किंवा बातमीवरून दिवस काढता येतो. आठवणारं माणूस घरात असेल तर गाव, वार, जोड आणि निकाल विचारून घ्या आणि ऐकीव असेल तिथं ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहा. मग त्याची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. ठरलेली कुस्ती असली तरी चालेल.